उंदराची कोठी

अलास्कात लेकीकडे गेले होते, तेव्हा तिची शेजारीण मेरीबाई मला सुपात घालायची मुळं गोळा करायला घेऊन गेली. तिथे झाड म्हणून नाही, पायाखाली नुसतं शेवाळ. एका जागी जमीन मऊ लागली, तशी ती वाकली आणि तिने शेवाळाचा थर झाकणासारखा उचलला. खाली तिथल्या रानउंदराची कोठी होती. हिवाळ्यासाठी साठवलेली मुळं, साफ करून नीट रचलेली. मेरीबाईने अर्धी काढून आम्हा दोघींत वाटली आणि त्या जागी सुक्या माशाचे तुकडे ठेवले.

मला आपल्याकडची रीत आठवली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची. पण शेजारीण वाटी स्वतःहून पाठवते. या उंदराने कुठे पाठवली होती? त्याला विचारलं असतं, तर मासा नको, मुळंच राहू द्या म्हणाला असता. मोबदला आपणच ठरवतो, आणि वर बरंही आपल्यालाच वाटतं.

"अर्ध्यात त्याचा हिवाळा निघेल का?" मी विचारलं.

"बहुतेक निघतो," ती म्हणाली. "लांबला तर नाही."

मी माझ्या पिशवीतली एक मूठ परत कोठीत ठेवली.

"तुझं सूप पातळ होईल हं."

"होऊ दे. पातळ आमटीची सवय आहे मला," मी म्हटलं आणि शेवाळ दाबून नीट बसवलं.