हे आम्हीच लिहिलंय

कुणी "वकीलसाहेब" म्हटलं की ते खुर्चीतून अर्धवट उठत आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे हात करत. "वकील ते. मी आपला नुसता आडनावाचा."

अंधेरीतल्या त्या लॉ फर्ममध्ये मी रिसेप्शनला आहे. फर्म त्यांच्या आजोबांनी काढलेली. कोकणातून आलेले आजोबा एका चक्कीच्या माळ्यावर बसत आणि गिरणगाव सोडून उपनगरात खोली घेणाऱ्यांचे कागद करून देत. वडिलांनी अख्खा मजला घेतला. नातू मात्र लॉच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला. एक दिवस वडील एवढंच म्हणाले, "तू ऑफिस सांभाळ." तेव्हापासून एसीची दुरुस्ती, चहावाला, गणपतीच्या सुट्ट्या हे सगळं त्यांच्याकडे. "घराण्यात कुणीतरी पंखे बघायला पण हवा ना," असं म्हणत. आम्ही हसायचो. तेही हसत, पण जरा उशिरा.

वडील गेल्यावर एका बड्या फर्मने आमची फर्म घेतली. वकील बदलले, पाटीवरचं आडनाव तसंच ठेवलं. उपनगरातल्या सोसायट्यांचा त्या आडनावावर विश्वास होता आणि विकत घेण्यासारखं तेवढंच उरलं होतं. त्यांना काचेची केबिन मिळाली. एखाद्या सोसायटीची कमिटी आली की त्यांना बोलावणं जाई. ते कोट चढवून जात, चहा घेत, आजोबांची एखादी आठवण सांगत. परत येताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणत, "दर्शन देऊन आलो."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळे त्याला मान देतात, विचारत कुणीच काही नाही.

एका दुपारी बोरीवलीहून एक म्हातारी बाई आल्या. त्यांची इमारत रीडेव्हलपमेंटला चालली होती. बिल्डरने दिलेला करार त्यांनी पिशवीतून काढला. "आमच्या मामंजींची खोली तुमच्या आजोबांनी करून दिली. मामंजी सांगायचे, अडचण आली तर तिथं जा, दुसरीकडे जाऊ नका. तेवढं वाचून द्या, वकीलसाहेब."

या वेळी त्यांनी फोटोकडे हात केला नाही. पहिलं पान बघूनच ते थांबले. करार आमच्याच फर्मने केलेला होता, बिल्डरसाठी.

"काकू," ते हळू आवाजात म्हणाले, "हे आम्हीच लिहिलंय."

बाईंचा चेहरा उजळला. "मग चांगलंच असणार की. उगाच आले मी इतक्या लांब. सही करू?"

मी कीबोर्डकडे बघत राहिले. ते पानं उलटत करार वाचू लागले. कानापर्यंत लाल झाले होते.

"करू नका," ते म्हणाले. "इमारत रखडली तरी ठरलेल्या मुदतीनंतर बिल्डरकडून मिळणारं तुमचं भाडं बंद होईल, असं लिहिलंय यात. आम्ही समोरच्यांचे वकील आहोत, काकू. तुमचे नाही."

बाईंना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्या रागावल्या नाहीत. त्यांनी करार पिशवीत ठेवला आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना माहीत होतं हे?"

"ते नाहीत आता," ते म्हणाले. मग रिक्षा बोलावून ते स्वतः त्यांना दुसऱ्या वकिलांकडे घेऊन गेले.

संध्याकाळी नव्या फर्मच्या भागीदार मॅडमनी त्यांना बोलावलं. दार उघडंच होतं. मॅडम ओरडल्या नाहीत. "सर, आपल्या पक्षकाराविरुद्ध सल्ला दिलात तुम्ही. हे चालत नाही."

"बरोबर आहे तुमचं."

"मग का दिलात?"

"त्या मला विचारायला आल्या होत्या. आजवर कुणी आलं नव्हतं." मग ते म्हणाले, "पाटीवरून आमचं नाव काढता येईल का?"

मॅडमनी समजावलं की नाव आता फर्मचं आहे, ते स्वतःच तसं लिहून देऊन बसलेत. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

त्या बाईंचा करार बदलला. पण बाकीच्या बिऱ्हाडांनी आधीच सह्या केल्या होत्या. पुढे काम रखडलं आणि त्यांचं भाडं थांबलं. हे मला नंतर कळलं, जिन्यात.

बोरीवलीला माझी मावशी राहते त्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत ते पायरीवर दम खात बसलेले दिसले. त्या बाईंच्या सोसायटीतली काही माणसं तिथं भाड्याने राहत होती. ते एकेकाच्या घरी जात होते.

"कशाला, सर?" मी विचारलं. "तुम्ही काय करणार आता?"

"काही नाही गं. माफी मागतो. कुणी आत घेतं, कुणी बोलून घेतं. खालच्या मजल्यावरच्यांनी दार लावून घेतलं. बरोबरच आहे त्यांचं."

माझ्या गळ्यात फर्मचं ओळखपत्र होतं, त्यांच्या आडनावाचं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"मी येऊ का सोबत?"

"नको. तुला नोकरी करायचीय."

कठड्याला धरून ते उठले, शर्ट नीट केला आणि वर गेले. बेल वाजली. बराच वेळ दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा बेल वाजवली नाही, आणि खालीही आले नाहीत.