थेट विमान आणि काकूंची भाजणी

मंडळी, आत्ताच लंडनच्या हॉटेलात पोचलोय आणि डोक्याला हात लावून बसलोय.

मुलुंडला आमचं पितळी नळांचं छोटं वर्कशॉप आहे. उद्या सकाळी इथल्या गिऱ्हाईकाला नमुने दाखवायचेत. विमान थेट आहे कळल्यावर शेजारच्या काकूंनी इथल्या लेकीसाठी चकलीची भाजणी दिली. "मध्ये विमान बदलायचं नाही, मग त्रास कसला रे?"

बॅग उघडली, तर भाजणीच भाजणी आणि नळ एकही नाही!

आईला फोन लावला. "अरे, वजन जास्त होत होतं, म्हणून मीच काढले. तिकडे नळ मिळत नाहीत का?"

"आई, मी नळ विकायला आलोय गं!"

"मग ओरडतोस कशाला? थेट विमान आहे ना, येऊन घेऊन जा."

तुमच्या घरी बॅग कोण भरतं?