सुईला रडलेला प्रेक्षक

मला आत नेलं ते हिरव्या लुगड्यातल्या एका अनोळखी मावशीनं. टाळेबंदीनंतर अकोल्यात पहिल्यांदाच भरगच्च गर्दीत कबड्डी होती, अन् खेळायला माझ्या सांगलीची पोरं आली होती. मी इथं अकोल्यात कामाला, दोन वर्षं गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. आत जायला लागणारं लशीचं प्रमाणपत्र मालकाच्या मोबाइलात, अन् मालक मूर्तिजापूरला. फाटकावरचा माणूस ऐकेना. तेवढ्यात मागून मावशी तोंडावरचा रुमाल खाली ओढत म्हणाली, “सोड बाप्पा त्याले! दुसऱ्या डोसाले मीच होती याच्या मागं. सुई पाहून असा रडे, मलेच हात धरा लागला याचा!” मी तिला जन्मात कधी पाहिलं नव्हतं, पण सगळी रांग हसली, फाटक उघडलं. आत ती अकोल्यासाठी ओरडली, मी सांगलीसाठी. कधीतरी तिचा संघ आमच्या गावी खेळायला येईल. त्या दिवशी मावशीला पहिल्या रांगेत बसवीन आणि शेजारी बसून अकोल्यासाठी घसा फोडून ओरडेन.