खिंडीतला वाघ

बायकोला मी आजवर बरंच काही सांगितलं आहे. दिंडोरीला मजुरी करताना लागलेली दारू, ती कशी सुटली, घाटात एकदा ब्रेक फेल झाला तेव्हा मी कुणाचं नाव घेतलं, सगळं तिला ठाऊक आहे. ही एक गोष्ट मात्र तिच्या कानावर नाही. भावाच्या नाही, मुलांच्याही नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी ती कधी शब्दांत आणली नाही. आज आणतो. तुमची-माझी ओळख नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

मला कच्च्या मनाचा माणूस समजू नका. नाशकात म्हसरूळच्या बाजूला माझं स्वतःचं घर आहे. दोन पिकअप आहेत. हंगामात आमच्या डोंगरातली स्ट्रॉबेरी मी शहरात आणतो आणि वाटेत एक खोका दबत नाही. गावाकडे बांधाचं भांडण असो की सोयरीक अडलेली असो, फोन मला येतो. सोमनाथ म्हणाला म्हणजे झालं, असं लोक म्हणतात. आणि खोटं कशाला बोलू — मला ते आवडतं. फक्त माझ्या शब्दाला हे वजन कधीपासून आलं, ते एकट्या मला माहीत आहे.

आमचं गाव सुरगाण्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला. नाव सांगत नाही. गावाखाली नदी आणि नदीपलीकडे गुजरात. तिकडे तेव्हाही डांबरी रस्ता होता, बस होती, मोठा दवाखाना होता, बारावीपर्यंत शाळा होती. आमची शाळा सातवीला संपायची. तालुक्याला जायचं तर घाटाचा वळसा, अर्धा दिवस मोडायचा. गुजरातेत जायचं तर खिंडीतून पायवाटेने खाली उतरायचं, नदीवरची फरशी ओलांडायची, की पोचलात. त्यामुळे आमचं मीठ-मिरची तिकडचं, डॉक्टर तिकडचा, मोबाइलची रेंजसुद्धा तिकडचीच. मतदान तेवढं इकडे.

मी दिंडोरीला द्राक्षबागांत बरेच हंगाम काढले. छाटणी केली, फवारणी केली, ट्रॅक्टरवर बसलो — गाडी मी तिथेच शिकलो. त्या कमाईतून एक जुनी जीप घेऊन गावात आलो. गावातली पहिली गाडी. मला वाटलं होतं, लोक जागा धरायला धावतील. लोकांनी जीपला हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खिंडीतून चालत गुजरातेत जाऊ लागले. का जाणार नाहीत? पायांना भाडं पडत नाही. माझी जीप उंबराखाली उभी असायची आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. हे मी गमतीने सांगत नाही, खरंच घालायच्या. काशिनाथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो येता-जाता विचारायचा, "सोमा, आज पॅसेंजर किती? कोंबड्या धरून सांग." सगळे हसायचे. मीही हसायचो. आणि घरी जाऊन जेवण गोड लागायचं नाही.

मग एका सकाळी खिंडीच्या तोंडाशी एक शेळी फाडलेली सापडली.

ते काम कुत्र्यांचं होतं. मी स्वतः जाऊन ठसे बघितले होते, नखं उमटलेले कुत्र्यांचे पाय स्पष्ट दिसत होते. परत आलो तर दुकानासमोर माणसं जमलेली. जो तो काहीतरी तर्क लढवत होता आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मी म्हणालो, "कुत्री नाय ती. वाघ हाय. काल घाटातून येताना मी बघितला, खिंडीच्या वाटेवर बसलेला."

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

का म्हणालो? आधी ठरवून गेलो होतो का? नाही. वाक्य तोंडातून निघालं आणि सगळी माणसं एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याची चव मला कळली. लगोलग जीपही आठवली. दोन्ही खरं आहे. नुसतं जीपसाठी बोललो म्हटलं तर तुम्हाला समजायला सोपं जाईल, पण तेवढंच नव्हतं. किती दिवसांनी माझ्याकडे कुणी न हसता बघत होतं.

पुढचं काम मला करावंच लागलं नाही. आठवड्याच्या आत आणखी तिघांना वाघ दिसला. एकाला डरकाळी ऐकू आली. एका म्हातारीच्या परसात तो पाणी पिऊन गेला. वनखात्याची माणसं आली, त्यांनी झाडाला कॅमेरा बांधला. त्यात रानडुकरं आली, एक तरस आलं, आणि लाकडं चोरून नेणारा आमच्याच पाड्यावरचा एक जण आला. वाघ आला नाही. "काही दिसलं नाही, तरी काळजी घ्या," असं सांगून ते गेले. लोकांनी त्यातलं 'काळजी घ्या' तेवढं ऐकलं.

जीप भरू लागली. बाजाराला लोक तालुक्याला जाऊ लागले, माझ्या गाडीतून. टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गावाने वाघदेवाच्या पूजेचा नारळ माझ्या हातात दिला. तो मान दरवर्षी म्हाताऱ्या भगताचा. त्या वर्षी भगतच म्हणाला, ज्याला दर्शन झालं त्याने फोडावा. सगळं गाव मागे उभं होतं. मी फोडला. पहिल्याच फटक्यात दोन भकलं झाली. मनात काही अडलं नाही माझ्या. तुम्ही म्हणाल, थोडं तरी अडलं असेल. नाही.

इथवर असतं तर मीच कधीतरी चारचौघांत हसत सांगून टाकलं असतं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. पण त्या पायवाटेने पोरं शाळेत जात होती — हे मला माहीत नव्हतं का? होतं की. रोज सकाळी माझ्या दारावरून जायची ती.

आमच्याकडे सातवी झाली की पोरं नदीपलीकडच्या शाळेत जायची. गुजरातीत शिकायची. वाघाचं झाल्यावर मुलगे जातच राहिले, काठ्या घेऊन, आरडाओरडा करत. मुलींना घरी बसवलं. इकडच्या शाळेत घालावं तर तालुक्याला राहायची सोय हवी, आणि सातवीपुढचं सगळं शिक्षण गुजरातीत झालेलं. गाडीने तिकडे सोडावं तर सगळा घाट उतरून पलीकडून यायचं, शाळा सुटायच्या वेळेला पोचायच्या त्या.

त्यातली एक यशोदा. काशिनाथची थोरली. अकरावी सायन्सला होती. तिची आई पूर्वी त्या तिकडच्या दवाखान्यात बरेच दिवस दाखल होती, तेव्हापासून या पोरीने ठरवलं होतं, नर्स व्हायचं. गावात तिला कुणी काही विचारलं तर ती आधी थांबायची, मग बोलायची. त्या थांबण्यात ती समोरच्याचा शब्द तोलते हे मला माहीत होतं, म्हणून मी तिच्याशी जपून बोलायचो.

एका दुपारी मी जीप धूत होतो. ती आली आणि बाजूला उभी राहिली. एकटीच होती.

"काका, एक इचारू?"

"इचार की."

"तुम्ही वाघ खराच बघितला का?"

मी फडका पिळला. तिने खाली बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "बाबा म्हणतो, सोमा म्हणाला की नक्की नाय, तर मी तुला धाडतो शाळेत. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाय. परीक्षा जवळ आलीय, काका."

"बघितला, पोरी."

"लांबून का जवळून?"

"जवळून," मी म्हणालो. "संगं दोन पिल्लं व्हती. पिल्लंवाली मादी माणसावर धावतेच."

पिल्लांचं मला कुणी विचारलं नव्हतं.

ती जरा थांबली, तिच्या सवयीप्रमाणे. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी उगीच बाबाशी भांडत व्हते." आणि गेली. मी फडका परत बादलीत बुडवला आणि काच पुसली. चांगली लख्ख पुसली.

दुकानासमोरचं पहिलं खोटं माझ्या तोंडून घाईत निसटलं, असं मी स्वतःला सांगू शकतो. हे दुसरं? भर दुपार, समोर एकटी पोर, आणि तिने मला वाट करून दिलेली — 'नक्की नाय' एवढंच म्हणायचं होतं. त्यात मी खोटाही ठरलो नसतो. अंधारून आलं होतं, तरस असेल कदाचित, असं म्हणालो असतो तर काशिनाथनेही मान डोलावली असती. मग का नाही म्हणालो? कारण जीप भरत होती. कारण काशिनाथने कोंबड्यांचा विनोद बंद केला होता. कारण नारळाचा मान मला पुढच्या वर्षीही हवा होता. यातलं एकही कारण त्या पोरीच्या एका परीक्षेच्या तोडीचं नव्हतं, आणि हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

परीक्षा झाली. ती बसली नाही. द्राक्षाच्या हंगामाला काशिनाथ बायको-पोरांसह दिंडोरीला गेला, माझ्याच गाडीतून. मी यशोदाला पुढे माझ्या शेजारी बसवलं, मागे फार दाटी होती म्हणून. भाडं सगळ्यांचं घेतलं. तिचंही. घाट उतरेपर्यंत ती बाहेर बघत होती आणि मी तिला सांगत होतो, ही कुठली वाडी, ही कुठली नदी. पुढच्या उन्हाळ्यात पेठकडच्या एका मुलाशी तिचं लग्न झालं. मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे. वऱ्हाड माझ्या जीपमधून गेलं.

तिच्याच वर्गात कमल नावाची मुलगी होती. कमलच्या बापाचं आणि माझं जमिनीवरून वाकडं होतं. तो म्हणाला, त्या सोम्याने बघितलेला वाघ मला नको सांगू, आणि पोरीला पाठवत राहिला. कमल मुलग्यांच्या मागून एकटी चालत जायची. एकदासुद्धा तिला काही झालं नाही — होणार काय होतं? बारावी झाली, पुढे नर्सिंग केलं. आता आमच्याच भागातल्या उपकेंद्रात आहे. माझ्या आईला शेवटी शेवटी इंजेक्शनं तीच द्यायला यायची. तिच्या बापाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून तिचं भलं झालं. काशिनाथने ठेवला.

गाव आता बदललंय. नदीपर्यंत डांबरी रस्ता झाला, फरशीच्या जागी पूल आला, वरच्या पाड्यावर टॉवर उभा आहे. डोंगरउतारावर स्ट्रॉबेरी होते. पोरं इथे राहूनही काहीतरी करू, असं म्हणू लागली आहेत, आणि त्यांना मदत करणाऱ्यांत मी पुढे असतो. रोपं आणून देतो, माल नेतो, व्यापाऱ्याशी भांडतो. यातलं काहीही मी प्रायश्चित्त म्हणून केलेलं नाही. मला जमतं म्हणून करतो, आणि त्यातून माझंही चालतं.

गेल्या हंगामात दिंडोरीजवळच्या एका बागेवर मजुरांची टोळी सोडायला गेलो होतो. तिथे यशोदा भेटली. नवरा आणि ती, दोघंही विरळणीच्या, म्हणजे घडातले दाटीचे मणी कापायच्या कामावर होते. हात द्राक्षाच्या रसाने काळे पडलेले. मला बघून कात्री खोवली आणि बागेच्या कडेला मांडलेल्या चुलीवर चहा ठेवला. तिची मुलगी सोबत होती, नऊ-दहा वर्षांची असेल. यशोदा तिला म्हणाली, "हे सोमाबाबा. तुला सांगते ना मी, वाघाचं? यांनीच येळेवर सांगितलं म्हणून मी वाचले. नायतर तू कुठली?"

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सांगा ना कसा व्हता."

तेव्हा मी काय केलं असेल?

सांगितलं. घाटाचं वळण सांगितलं, गाडी कशी हळू केली ते सांगितलं, त्या पिल्लंवाल्या मादीने मान कशी वळवली, शेपूट कशी आपटली ते सांगितलं. मी गोष्ट चांगली सांगतो. मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती आणि यशोदा चहा गाळता गाळता मान हलवत होती, आपल्याला सगळं ठाऊक असल्यासारखी. तिचा नवराही काम सोडून येऊन बसला. चहात तिने माझ्यासाठी जास्त साखर घातली होती. मी तो सगळा प्यायलो.

तो वाघ कधीच नव्हता. यशोदाला मी फसवलं, समोर उभं राहून, ती मला काका म्हणत असताना. आणि तिच्या मुलीला परत फसवलं.

छाटणी सुरू झाली आहे. पुढच्या आठवड्यात मला टोळी घेऊन त्याच बागेवर जायचं आहे, यशोदाही तिथे असेल. तिला जे सांगायला हवं, ते मी तुम्हाला सांगून बसलोय, एवढं मला कळतं. तिला सांगेन, असं मी इथे म्हणणार नाही.