लेकीच्या घरचा चहा

परळ नाक्यावर गिनीपिग विकणारे ते गृहस्थ घर बघितल्याशिवाय जनावर देत नसत. धाकट्या बहिणीच्या हट्टापायी आम्ही त्यांना काळाचौकीच्या खोलीवर आणलं. त्यांनी फरशीची ओल चाचपली, चाळीतल्या मांजरांची चौकशी केली.

“पोर एकटी झुरते, ताई. जोडीच घ्या. रोज ताजं गवत लागतं, जमेल?”

आईनं मान डोलावली, चहा पुढं केला. त्यांनी हात जोडले. “नको.”

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, आणि आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. नाकारलेल्या चहाचा अर्थ आम्हांला कुणी सांगावा लागत नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात बाजार बंद होता, तेव्हा ते गवताची पेंढी घेऊन चालत आले. चहा तेव्हाही नाही.

“जनावरांची एवढी माया,” ते गेल्यावर आई म्हणाली, “माणसांचा चहा तेवढा चालत नाही.”

मादीला पिल्लं झाली. ते आले, एक पिल्लू तळहातावर घेऊन मांडी घालून बसले.

“ताई, आता टाका चहा. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं कसं घ्यायचं?”

आई स्टोव्ह पेटवायला वळली, ती बराच वेळ पाठमोरीच राहिली.