बरा केलेला पाय

शेजारी बैलाच्या खांद्यासाठी उंडीचं तेल कढवतात. तो उग्र वास आला की मला आमचा कुत्रा आठवतो. लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. डुकरासाठी लावलेल्या फासकीत त्याचा मागचा पाय हाडापर्यंत कापला. बायकोनं हळद घालून हेच तेल जखमेत भरलं. पण त्या जनावराला बसणं ठाऊकच नाही. फडकं फाडी, तीन पायांवर उड्या मारी. मग ती त्याला मांडीखाली दाबून भाकऱ्या थापायची. "बाबा, गप बस, नायतर पाय जायल!" भातं कापून झाली तोवर जखम भरली. एका सकाळी खोत बंदूक घेऊन सड्यावर, वरच्या कातळमाळावर, शिकारीला निघाला होता. तेवढ्यात कुत्र्यानं आमच्या कुंपणाशी ससा धरला. खोत म्हणाला, "हा तर शिकारीचा! आमच्याकडे राहील." बायको पुढं झाली, "धनी, लंगडा हाय तो." खोत हसला, "मग ससा काय तू धरलास?" घर त्याच्या जमिनीत, बोलणार कोण? त्याच्या गड्यानं कुत्रा ओढत नेला. चुलीपाशी बसून ती म्हणाली, "अवो, बरा केला नसता तर आपलाच राह्यला असता." पुढं खोती कायद्यानं गेली. यंदा बायकोही गेली. तिनं जन्मात कुणाला शिवी दिली नाही. तिच्या वाटची मी रोज खोताला देतो.