मंगेशचा डेटा

किस्से कोणी गोळा करत नाही, तेच येऊन टेबलावर बसतात. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल. पीएचडी करणाऱ्यांना ‘ओपन सायन्स’ शिकवायचं, म्हणजे आपलं संशोधन सगळ्यांसाठी खुलं कसं ठेवायचं ते सांगायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून हसायचे किस्से थोडे आणि रडायचे फार झालेत.

*

पहिल्याच तासाला मी म्हणालो, "डेटा खुला ठेवा."

आंधळगावचा मंगेश ताडकन उठला. गावतलावांच्या पाण्यावर त्याचा अभ्यास. "चार वर्ष चिखलात आम्ही उभं राहाचं अन् पेपर दुसऱ्याच्या नावावर? वा रे वा!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या! रेपॉझिटरीत, म्हणजे संशोधनाच्या ऑनलाइन कोठारात, टाकलं की नाव-तारीख पक्की होते, असं मी समजावलं.

"थिसिस होऊ द्या सर, मंग टाकतो," तो म्हणाला.

*

पद्धत अशी लिहा की परक्या माणसालाही तेच करता यावं, असं सांगितलं. मंगेशने लिहून आणलं, ‘नमुना तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाखालून घेतला.’

"बांधावरचा कुठला मोह? कोणाला ठाऊक?"

"आख्ख्या गावाले ठाऊक आहे न सर!"

*

फसलेले प्रयोगही छापा, हे मी फार जोरात सांगायचो. अड्याळच्या प्रतिभाने धानावरच्या किडीसाठी पाल्याचा अर्क करून पाहिला होता. कीड मरेचना!

"तेच लिही," मी म्हणालो, "म्हणजे दुसऱ्या कोणाची दोन वर्षं वाया जाणार नाहीत."

"अन् माहे दोन वर्ष, सर?"

ती रडायला लागली. मी पुढची स्लाइड लावली. आजही स्वतःचा राग येतो.

*

मंगेशचा सगळा डेटा एका पेन ड्राइव्हमध्ये, पासवर्ड लावून. मी विचारलं, "पासवर्ड कुठे लिहून ठेवलास?"

"डोक्यात! तिथून कोण चोरते?"

*

गेल्या पावसाळ्यात मोटरसायकल घसरून मंगेश गेला.

त्याचे गाइड, कॉम्प्युटर लॅबवाले आणि मी, सगळ्यांनी मिळून बायकोचं, गावाचं, तलावांचं नाव टाकून पाहिलं. ड्राइव्ह उघडेना. चार वर्षांचं काम हातात होतं आणि आत जाता येत नव्हतं. मी मंगेशवर चिडलो. गेलेल्या माणसावर चिडलो म्हणून लाज वाटली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलो.

*

दोन महिन्यांनी त्याची बायको सुनीता पिशवीभर वह्या घेऊन आली. तलावावर उभ्या उभ्या तो आधी पेन्सिलीने लिहायचा, टाइप नंतर करायचा. कॉलेजात कोणाला माहीतच नव्हतं!

आम्ही दोघांनी बसून सगळं टाइप केलं. अपलोड करताना फॉर्मने विचारलं, नोंदी कधी संपल्या? मंगेश गेला तो महिना मी टाकला.

"तो महिना काहून टाकून राहिले, सर?"

सुनीताने पिशवीतून आणखी एक वही काढली. अक्षर वेगळं होतं.

"मी जाऊन राहिली न तलावावर, दर इतवारी."